चिमटा: इथिओपियातले सात दिवस

शुक्रवार, 22 नोव्हेंबर 2019, अदिस अबाबा

विमानतळाबाहेर आले तर सगळीकडे धूर. गल्लोगल्ली घरांसमोर कचऱ्याचे छोटे ढीग पेटवलेले, आणि माणसं त्यांत काड्या-पालापाचोळा टाकत शांतपणे उभी. मला न्यायला आलेला भाचा म्हणाला, "घाबरू नकोस मावशी, आज हिदार महिन्याची बारावी तारीख आहे. 1918 च्या साथीत इथे खूप माणसं गेली. त्याची आठवण म्हणून या दिवशी घरातला, अंगणातला कचरा जाळतात."

1918 ची साथ म्हणजे इन्फ्लूएन्झाची, आपल्याकडची मानमोडी. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात गेला, एवढं एक वाक्य आमच्या घरात शिल्लक आहे. इथे त्या साथीचा दिवस शंभर वर्षांनीही पाळला जातो. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात काम केलेल्या माझ्यासारखीला त्या धुरात उभं राहून भरून आलं.

इथे का आले, तेही सांगते. एका ग्रामीण रुग्णालयात मी 31 वर्षं डोळे तपासले. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचे नंबर, रातांधळेपणा. पण या कामाकडे मला ओढलं ते आजीच्या डोळ्यांनी. माण तालुक्यातलं कोरडं गाव. दुपारची कामं उरकली की आजी उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसायची आणि मला हाक मारायची. मी सात-आठ वर्षांची. बारीक चिमट्याने तिच्या पापणीचे आत वळलेले केस एकेक करून उपटायचे, हे माझं काम. "हळू गं बाई," एवढंच ती म्हणायची. दोन-तीन आठवड्यांत केस परत यायचे, आणि ते नवे आखूड खुंट जुन्यांपेक्षा जास्त टोचायचे. लहानपणी तिच्या पापण्या कुणीतरी मोरचुदाच्या खड्याने घासल्या होत्या, ते दुखणं तिला म्हातारपणीही आठवायचं. शेवटची काही वर्षं तिला उजेड-अंधार एवढंच कळायचं.

त्या आजाराला आपण खुपऱ्या म्हणतो, पुस्तकात ट्रॅकोमा. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी पुस्तकातलं चित्र बघितलं तेव्हा तो आजीचाच डोळा वाटला. पुढच्या 31 वर्षांत खुपऱ्यांचे जुने व्रण पुष्कळ बघितले, नवा आजार फारसा बघितला नाही. तो जगात सगळ्यात जास्त इथिओपियात आहे, आणि भाचा इथल्याच बाहिर दारच्या विद्यापीठात शिकवतो.

शनिवार, 23 नोव्हेंबर, बाहिर दार

तासाभराचं विमान. खाली ताना सरोवर, त्याच्या काठाला ताडांच्या रांगांचं हे शहर. बाहेर पडताच ओळीने उभ्या निळ्या रिक्षा दिसल्या. इथे त्यांना 'बजाज' म्हणतात. पुण्या-औरंगाबादच्या रिक्षाचं इथे सामान्यनाम झालंय.

इथल्या पंचांगात सध्या 2012 साल चालू आहे, आणि घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळी सातला यांचा एक वाजतो. संध्याकाळी भाचेसुनेने शेजारच्या सिस्टरशी ओळख करून दिली. इथेही नर्सला सिस्टरच म्हणतात. तिने मान किंचित झुकवून "तेना यिस्तिल्लिन्" म्हटलं. देव तुम्हाला आरोग्य देवो, असा या नमस्काराचा अर्थ. मी काय काम करायचे हे कळल्यावर तिने इंग्रजीत थेट विचारलं, "तुम्ही पापणीची ऑपरेशनं करायचात?" मी म्हटलं, नाही, आमच्याकडे डॉक्टर करतात. ती म्हणाली, "इथे आम्ही नर्सेस करतो. सोमवारी मेरावीकडे चला. मंगळवारी तिथे शिबिर आहे."

रविवार, 24 नोव्हेंबर

सरोवरात लव्हाळ्यासारख्या पपायरसच्या देठांच्या होड्या. सरोवरात शिरलेल्या झेगे द्वीपकल्पावर जाऊन जुनं मठ-चर्च पाहिलं. भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि चित्रांतल्या सगळ्या संतांचे डोळे टपोरे, उघडे. दारात भिकाऱ्यांची रांग होती. त्यांतल्या तिघांच्या बुबुळांवर पांढरं फूल पडलेलं होतं. पुढे काही बघावंसं वाटलं नाही.

सोमवार, 25 नोव्हेंबर, मेरावीजवळचं एक गाव

आजपासून इथला नाताळआधीचा उपास सुरू झाला. दूध, अंडी, मांस बंद, ते थेट 7 जानेवारीच्या नाताळापर्यंत. माझी चैनच झाली. न्याहारीला आंबोळीसारखी आंबूस इंजेरा आणि वर शिरो. पहिला घास घेतला आणि भाच्याकडे बघितलं. तो हसला, "पिठलंच आहे मावशी." तिखटाचा मसाला वेगळा, बाकी पिठलंच.

बाहिर दारहून दक्षिणेला तासाभरात मेरावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेफ या बारीक धान्याची कापणी झालेली, खळ्यावर बैल गोल फिरताहेत. मळणीचं यंत्र यायच्या आधीचं माझं गाव असंच होतं. अधूनमधून कारळ्याची शेतं. कारळं मूळचं इथलंच. आपल्या चटणीचं माहेर हे, हे मला ठाऊक नव्हतं.

मुख्य रस्ता सोडून गाडी मातीच्या वाटेला लागली आणि समोरून पाण्याला निघालेल्या बायका यायला लागल्या. आपल्याकडे हंडा डोक्यावर असतो, इथे पिवळा कॅन पाठीवर. दोरी खांद्यांवरून छातीशी आवळलेली, कंबर वाकलेली. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. सिस्टरने एकीला थांबवून विचारलं. झऱ्याला जाऊन यायला दीड तास, सकाळी एक खेप, दुपारी एक. घरात माणसं सात.

म्हणजे दिवसाला चाळीस लिटर आणि सात माणसं. त्यात स्वयंपाक, पिणं, भांडी, कोंबड्या-वासरांचं पाणी. मुलाचं तोंड या यादीत शेवटी येतं. माझ्या आजीच्या घरीही तसंच होतं.

गावाचं आरोग्य उपकेंद्र दोन खोल्यांचं. त्यात दोघी कार्यकर्त्या, दोघीही तिशीच्या आतल्या. आपल्या आशाताईंसारख्याच, पण या पगारी आहेत आणि वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन येतात. पाचेक हजार वस्तीमागे अशा दोघी. कोपऱ्यात एक उभी काठी होती, तिच्यावर ठरावीक उंचीला रंगीत पट्टे. मला वाटलं, मुलांची उंची मोजायला असेल. मोजायलाच होती, पण औषधासाठी. खुपऱ्यांवरचं अँटिबायोटिक, ॲझिथ्रोमायसिन, वाटायची वेळ येते तेव्हा एका दिवसात शेकडो माणसं येतात, प्रत्येकाचं वजन करत बसायला कुणाला वेळ? माणूस काठीला पाठ लावून उभा राहतो, डोकं ज्या पट्ट्याला लागतं तितक्या गोळ्या. लहान मुलांना पातळ औषध, सहा महिन्यांखालच्या बाळाला गोळीऐवजी डोळ्यात टेट्रासायक्लिनचं मलम. धाकटीने मला काठीपाशी उभं केलं आणि चार बोटं दाखवली. तेवढ्याशा काठीने लाखो माणसांना मोजून औषध दिलंय. मी तिच्यावरून हात फिरवून घेतला.

हे औषध 1998 नंतर ते बनवणाऱ्या कंपनीने जगभर फुकट द्यायला सुरुवात केली. त्याआधी दिवसातून दोनदा, दीड महिना मलम घालायचं, असा उपचार होता. चुरचुरणारं, सगळं धूसर करणारं मलम. कुठली आई सहा आठवडे घालेल? एका घोटात काम होणारं औषध आल्यावर सगळ्या गावाला एकदम देता यायला लागलं. सगळ्या गावाला देण्यातच खरी गोम आहे. जंतू एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. आज एका पोराला बरं केलं आणि शेजारच्याला सोडलं, तर महिन्याभरात दोघेही तिथेच.

बाहेर अंगणात पोरं जमली होती. तीनेक वर्षांची एक मुलगी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाक वाहतंय, डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिपडं, आणि उजव्या डोळ्याच्या कडेला तीन माश्या. त्या हलत नव्हत्या, आणि मुलगीही त्यांना हाकलत नव्हती. पापणी मिटताना माश्या किंचित सरकायच्या, परत बसायच्या. मी हात पुढे केला तशा उडाल्या आणि शेजारच्या मुलाच्या डोळ्यावर जाऊन बसल्या. रोग पसरतो कसा, ते एका हाताच्या अंतरावर बघितलं.

ही घरातली नेहमीची माशी नव्हे, थोडी लहान असते. माणसाच्या उघड्यावर पडलेल्या विष्ठेत ती अंडी घालते, आणि गंमत म्हणजे खड्ड्याच्या संडासात तिची पैदास होत नाही. म्हणून नुसता खड्डा खणून, त्यावर फळ्या टाकून केलेला संडाससुद्धा डोळ्याचं औषध ठरतो. गॅम्बियात हे मोजून बघितलंय, संडास बांधलेल्या गावांत मुलांच्या डोळ्यांवरच्या माश्या 30 टक्क्यांनी कमी झाल्या. हागणदारीमुक्तीच्या फलकाखालून मी कित्येक वर्षं ये-जा केली. त्याचा डोळ्यांशी संबंध मी कधी कुणाला समजावून सांगितला नाही, याची आज खंत वाटली.

थोरलीने डोक्याला भिंगं लावली, मुलीला बहिणीच्या मांडीवर बसवलं आणि वरची पापणी सराईतपणे उलटली. मला जवळ बोलावलं. गुलाबी, सुजलेल्या अस्तरावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे फिकट दाणे. आमच्या पुस्तकातही साबुदाण्याचीच उपमा होती. असे पाच दाणे दिसले की खुपरी धरायची. मी सात मोजले. मुलीला यातलं काहीच दुखत नव्हतं, आणि हीच या आजाराची चलाखी. दुखत नाही, म्हणून कुणी दवाखान्यात येत नाही. लहानपणी असं पुन्हा पुन्हा होत राहतं, प्रत्येक वेळी आतून थोडा व्रण धरतो, व्रण आवळत जातो आणि पापणीची कड आत ओढतो. तिशी-चाळिशीत केस बुबुळाला लागतात. मग दर मिचकावणीला घासत राहतात. ऑपरेशन होतं ते या टोकाला. सुरुवात इथे, बहिणीच्या मांडीवर.

त्यानंतर थोरलीने एक लिटरचं भांडं भरून आणलं आणि आयांना ओळीने बसवलं. तिने काय सांगितलं ते सिस्टरने मला सांगितलं: "तुम्ही म्हणता, पोरांची तोंडं धुवायला पाणी पुरत नाही. हे एवढंच पाणी. बघू किती पोरं होतात." ओंजळीत थोडं थोडं घेत तिने सुरुवात केली. पहिली दोन पोरं रडली. आठवं झालं, नववं झालं, आया मोठ्याने आकडे म्हणायला लागल्या. अंगणातली सगळी चौदा पोरं संपली तरी भांड्यात अर्ध्याच्या जवळपास पाणी होतं. एका म्हातारीने उठून भांड्यात वाकून बघितलं, खात्री करून घेतली आणि मागे वळून काहीतरी म्हणाली. सगळ्याजणी हसल्या. सिस्टरने सांगितलं, "ती म्हणतेय, एवढ्याशा पाण्यासाठी माझी सासू मला बोलायची."

मंगळवार, 26 नोव्हेंबर, शिबिर

आरोग्यकेंद्राच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं. बहुतेक बायका. मूल सांभाळते ती बाई, मुलाचं नाक-डोळे पुसते ती बाई, म्हणून जंतूही तिच्याकडेच जास्त वेळा परततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने या आजाराने आंधळ्या होणाऱ्या बायका पुरुषांच्या चौपटीपर्यंत असतात.

बाकाच्या टोकाला पन्नाशीतली एक बाई, अंगावर पांढरी नेतेला, म्हणजे सुती ओढणी, सोबत नऊ-दहा वर्षांची नात. उन्हाकडे पाठ करून डोळे झाकून बसलेली. गळ्यात क्रूसाचा काळा दोरा, आणि त्याच दोऱ्यात ओवलेला लोखंडी चिमटा.

मी तो चिमटा बघत राहिले. टोकं घासून चपटी झालेली, मधला भाग बोटांनी गुळगुळीत. तिला माझं बघणं जाणवलं असावं. सिस्टरकडून तिने विचारलं, ही परदेशी बाई काय बघतेय? मी सांगितलं, माझ्या आजीकडे असाच होता आणि तिचे केस मी काढायचे. तिने नातीचा हात धरून वर केला. हिच्याकडे ते काम आहे, असा त्याचा अर्थ. नात लाजून हसली.

दोन वर्षांपूर्वीही तिला बोलावणं आलं होतं, पण ती आली नाही. गावात कुणी म्हणालं, डोळा काढून घेतात. शिवाय आठवडाभर पाणी कोण आणणार? आता नात कॅन उचलण्याएवढी झाली, म्हणून आली. हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. शस्त्रक्रिया फुकट, औषध फुकट, न्यायला गाडी, तरी ती दोन वर्षं थांबली, कारण घरात पाणी भरणारं दुसरं माणूस नव्हतं. आणि त्या दोन वर्षांत उजव्या बुबुळावर फूल पडलं. तो डोळा आता परत यायचा नाही. ऑपरेशनने केस बाहेर वळतात, पडलेलं फूल जात नाही.

आत साधी खोली, उकळलेल्या हत्यारांचा वास, डोक्याला दिवा बांधलेली सिस्टर. पापणीत भुलीचं इंजेक्शन देताना बाई आखडली. सिस्टर हलकेच म्हणाली, "आयझोश, आयझोश." धीर धर, असा तो बाईमाणसासाठीचा शब्द. मी तिचा हात धरला. पापणीच्या कडेच्या जेमतेम तीन मिलिमीटर वर एक सरळ छेद, मग कड बाहेर वळवून तीन टाके, अशा बेताने ओढलेले की केस बुबुळापासून दूर राहतील. टाका फार ओढला तर पापणी वाकडी होते, कमी ओढला तर केस पुन्हा आत येतात. वीस मिनिटांत एक डोळा. सिस्टर कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलेली नाही, पण तिचे हात बघताना मला माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले सर्जन आठवले. डॉक्टरांची वाट बघत बसले असते तर या देशात हे काम झालंच नसतं.

बुधवार, 27 नोव्हेंबर

सकाळी पट्ट्या सोडल्या. पापण्या सुजलेल्या, टाक्यांचे काळे दोरे. बाईने डावा डोळा हळूहळू उघडला, मिटला, परत उघडला. मग बराच वेळ नुसती मिचकावत राहिली. टोचत नाहीये हे तपासत होती.

तिला ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिला. ऑपरेशननंतर तो दिला तर केस परत आत वळण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं, हे इथिओपियातच झालेल्या अभ्यासाने दाखवलंय. तरीही काहींचे वळतातच. सिस्टरने ते तिला लपवून न ठेवता सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि गळ्यातला चिमटा कपड्याच्या आत सारला.

निघताना तिने सवयीने नेतेलाचं टोक हातात घेतलं, आधी स्वतःचा गाल पुसला आणि त्याच टोकाने नातीचं नाक पुसायला लागली. सिस्टरने काही न बोलता नातीला अंगणातल्या नळाशी नेलं. आठ दिवसांनी टाके काढायला यायचं होतं. तिचं गाव पायी तीन तासांवर.

गुरुवार, 28 नोव्हेंबर, तिस अबाय

नाईलचा धबधबा बघितला. पाणी वरती वीजकेंद्राकडे वळवतात, त्यामुळे या दिवसांत धार बारीक. कठड्याशी बसून भाच्याशी बोलत राहिले. तो इंजिनियर, त्याने नेमका प्रश्न विचारला, "मग मावशी, गोळी की पाणी?"

2005-06 च्या पाहणीत या देशात 1 ते 9 वर्षांच्या मुलांपैकी 40 टक्क्यांना खुपरी होती, या अम्हारा प्रांतात 62 टक्क्यांहून जास्त मुलांना. त्यानंतर दहा-बारा वर्षं दरवर्षी गोळ्या वाटल्या. आकडे खूप उतरले, पण काही तालुक्यांत अजून 5 टक्क्यांच्या खाली यायला तयार नाहीत, आणि तिथे उतरल्याशिवाय वाटप थांबवता येत नाही. दुसरीकडे, युरोपाच्या बऱ्याच भागांतून हा आजार गेला तो ॲझिथ्रोमायसिनच काय, कुठलंही अँटिबायोटिक येण्याआधी. घरात नळ आले, दाटीवाटी कमी झाली, साबण आला. मी ठासून पाण्याच्या बाजूने बोलले.

(पुढे या प्रांतातल्याच वाग हेमरा भागात झालेल्या चाचणीचा निकाल वाचला. चाचणीचं नाव 'वुहा', अम्हारिकमध्ये पाणी. तीन वर्षं पाण्याची सोय केली, स्वच्छतेचं शिक्षण दिलं, आणि मुलांच्या डोळ्यांतला जंतू कमी झाला नाही. मला वाईट वाटलं, पण तो निकाल मी नाकारणार नाही. गावात एक नळकोंडाळं बसणं आणि प्रत्येक घरात, प्रत्येक सकाळी मुलाचं तोंड धुतलं जाणं, यांत मोठं अंतर आहे. तीन वर्षांत ते कापून होत नाही. म्हणून मी आजही गोळी थांबवा म्हणणार नाही, आणि पाणी थांबवा असंही म्हणू देणार नाही. भारतात 1963 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही असं जागतिक आरोग्य संघटनेचं शिक्कामोर्तब झालं ऑक्टोबर 2024 मध्ये. एकसष्ट वर्षं लागली.)

परतल्यावर भाचेसुनेने बुना, म्हणजे इथली कॉफी, केला. हिरवे दाणे तव्यावर भाजून, खलबत्त्यात कुटून, तीन वेळा उकळून. तिसऱ्या कपापर्यंत सिस्टर बसली होती. मी तिला सोबत आणलेला माझा जुना भिंगाचा चष्मा दिला. दोन-अडीच पट मोठं दाखवणारी, कामाला पुरेशी भिंगं आहेत. तिने लगेच लावून माझीच पापणी उलटून बघितली.

10 डिसेंबर, घरी

सकाळी भाच्याचा फोन. ती बाई टाके काढायला दोन दिवस उशिराने आली. चालत आली. डावा डोळा चांगला आहे, केस सगळे बाहेर. आणि सोबत शेजारच्या दोघीजणी होत्या, एकीच्या गळ्यात चिमटा. सिस्टरने दोघींची नावं पुढच्या शिबिराच्या यादीत घातली आहेत.